जुना माल आधी

ऑगस्टच्या भर दुपारी, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एक मुलगी स्वेटर घालून टॅक्सीतून उतरली, आणि कोल्ड स्टोअरच्या दारात उभ्या असलेल्या सगळ्या माणसांच्या माना एकदम वळल्या.

बाहेर असं ऊन होतं की चप्पल रस्त्याला चिकटून बसत होती. या मुलीनं मात्र छातीशी एक पांढरी पेटी कवटाळली होती, तिचं नाक लाल झालं होतं आणि मागून टॅक्सीवाला स्वतःचे दंड चोळत उतरत होता.

"मॅडम, मेरे को निमोनिया हुआ तो हॉस्पिटल आप लेके जाना!"

समिधानं त्याला भाडं दिलं, वाटभर पूर्ण एसी लावायला लावल्याबद्दल माफी मागितली आणि वळली. तेवढ्यात समोरचं जाड दार उघडलं. पांढऱ्या वाफेच्या लोटातून एक उंच तरुण बाहेर आला. अंगात गुडघ्यापर्यंतचं फुगीर जाकीट, डोक्याला कानटोपी... आणि भुवयांवर चक्क बर्फाचे कण.

समिधा शारजाच्याच अल मजाज भागात लहानाची मोठी झाली होती. खाडीकाठच्या टॉवरमधून तिनं आजवर फक्त धूळ आणि धुकं पाहिलं होतं. भुवयांवर बर्फ असलेला माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती. ती बघतच राहिली.

"आई गं, काय ऊन आहे!" तो स्वतःशीच पुटपुटला.

"तुम्ही मराठी आहात?" समिधाच्या जिवात जीव आला. "प्लीज, मला उणे वीसमध्ये थोडी जागा हवीय. आत्ताच्या आत्ता."

"मिळेल की. फिश आहे की मीट?"

"घोडा."

त्यानं कानटोपी काढली. बहुधा नीट ऐकू यावं म्हणून.

"म्हणजे पूर्ण घोडा नाही," समिधा घाईघाईनं म्हणाली. "शिंगरू आहे. त्याचा पुढचा उजवा पाय."

"मॅडम, आमच्याकडे घोडा चालत नाही."

"तो चालत नाहीच आहे. चाळीस हजार वर्षांपूर्वी थांबला तो चालायचा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. भुवयांवरचा बर्फ वितळून एक थेंब नाकावरून ओघळला, तरी त्याची नजर हलली नाही.

मग समिधानं एका दमात सगळं सांगून टाकलं. ती युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती, विषय होता सैबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीत सापडणारे प्राणी. हे शिंगरू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत चिखलात रुतलं, चिखल गोठला आणि तेव्हापासून ते तसंच राहिलं होतं... कातडी, केस, खूर सगळं शाबूत. तिकडच्या म्युझियमनं त्याचा एक पाय अभ्यासासाठी उसना दिला होता. आणि आज सकाळी लॅबचा फ्रीझर बंद पडला होता.

"एकदा वितळलं की खलास," ती म्हणाली. "परत गोठवून काही उपयोग नाही. आतलं सगळं मोडून जातं. पायही जाईल आणि माझी पीएचडीही."

"यल्ला, चला, आत या आधी," तो म्हणाला. "मी विघ्नेश. हे स्टोअर मी सांभाळतो."

ऑफिसात येऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि अडचणींना सुरुवात झाली.

"उत्पादनाची तारीख?"

"सांगितलं ना. चाळीस हजार वर्षं... थोडं मागेपुढे."

"सिस्टिम एकोणीसशेच्या मागे जात नाही." त्यानं एक जानेवारी एकोणीसशे टाकलं. "वापरायची मुदत?"

"त्याला कसली मुदत?"

"सिस्टिमला लागते." त्यानं सिस्टिमला माहीत असलेली शेवटची तारीख टाकली. एकतीस डिसेंबर नऊ हजार नऊशे नव्याण्णव. "प्रकार? मासे, आइस्क्रीम, भाजी, मटण... एवढंच आहे. मटण, पाय असं टाकू?"

समिधाला वाईट वाटलं, पण नाइलाज होता. "टाका."

"नाव?"

"त्याचं?" ती जराशी लाजली. "आम्ही... म्हणजे मी त्याला बाब्या म्हणते."

विघ्नेश हसला. गंमत म्हणजे, तो तिला हसला नव्हता. बाब्याला भेटून आनंद झाल्यासारखा हसला होता. तिथंच घोटाळा झाला.

"आमच्याकडे एकच नियम आहे," पेटी हातात घेत तो म्हणाला. "जुना माल आधी बाहेर. या हिशोबानं तुमचा बाब्या माझ्या स्टोअरमधला सगळ्यात ज्येष्ठ नागरिक. काळजी करू नका, त्याला मी स्वतः सांभाळीन."

त्यानं तिला एक जाकीट दिलं. बाह्या इतक्या लांब की तिचे हात आतच हरवले. मग त्यानं बाब्याला आंबा कुल्फीच्या खोक्यांशेजारी, रिकाम्या कप्प्यात नीट ठेवलं आणि जाता जाता पेटीवर एक थाप दिली. लहान मुलाला झोपवताना देतात तशी.

पेटीत तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र होतं. ते दर तासाला समिधाच्या मोबाईलवर आकडा पाठवायचं, त्यामुळे स्टोअरला जायची तिला काहीएक गरज नव्हती. ती आठवड्यातून दोनदा जाऊ लागली.

विज्ञानात प्रत्यक्ष पाहण्याला फार महत्त्व असतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. प्रत्यक्ष पाहणं दोन मिनिटांत उरकायचं. मग कुल्फीच्या खोक्यांवर बसून चहा व्हायचा. कप तोंडाला लावेपर्यंत चहा गार होई, म्हणून तो दुसरा आणायला जाई आणि तोही गार होई. त्यात बराच वेळ जायचा, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणाचीही तक्रार नव्हती.

विघ्नेश गुहागरचा. त्याच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना होता, होड्यांना बर्फ पुरवणारा.

"मी लहानपणापासून थंडच," तो म्हणायचा. "पण तुम्ही? या वाळवंटात बर्फाचं वेड कुठून लागलं?"

"आईच्या फ्रीझरमुळे."

"काय?"

"हसू नका. आई दर सुट्टीत गावाहून काय काय आणते आणि फ्रीझरमध्ये कोंबते. वरच्या थरात मटार. त्याखाली पुरण. त्याखाली आंब्याचा रस. त्याच्याही खाली खवलेलं खोबरं, मी पाचवीत असतानाचं. आणि तळाशी एक पिशवी आहे... ती काय आहे, आईलाही माहीत नाही. लहानपणी मी चमच्यानं खणत बसायचे."

"तळाशी पोचलात?"

"अजून नाही. आई ओरडते."

विघ्नेश इतका हसला की त्याच्या तोंडातून वाफेचे ढग निघाले. ते विरेपर्यंत समिधा पाहत बसली. अंगावर त्याचं जाकीट होतं आणि त्या जाकिटाला किंचित वेलचीचा वास येत होता... कुल्फीचाच असणार, तिनं स्वतःला बजावलं. कुल्फीचाच.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण समिधा ती कुणालाच सांगत नव्हती. लॅबचा फ्रीझर पहिल्याच आठवड्यात दुरुस्त झाला होता. एक मेकॅनिक आला, त्यानं नवा पार्ट बसवला आणि फ्रीझर घुमायला लागला. रिकामा फ्रीझर, उणे वीसला, दिवसरात्र घुमत होता, आणि समिधाचा बाब्या आंबा कुल्फीशेजारी पडून होता.

"फ्रीझरचं काय झालं हो?" विघ्नेश कधीमधी विचारायचा.

"पार्ट यायचाय," समिधा साळसूदपणे सांगायची. "जर्मनीहून."

"हो का," तो म्हणायचा आणि चहा आणायला उठायचा.

घरी उर्मिलाताईंना, म्हणजे समिधाच्या आईला, वेगळीच शंका होती. ऑगस्टमध्ये पोरगी स्वेटर घेऊन बाहेर पडते, हे एक. आणि एका संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी गॅलरीतलं तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं, हे दुसरं.

"बाब्या कसा आहे?... नीट गार आहे ना?... सांभाळा हं त्याला. परवा येते."

उर्मिलाताईंनी हातातली मेथी खाली ठेवली. "कोण गं हा बाब्या?"

"कामातला आहे, आई."

"वयानं?"

समिधा खोटं बोलू शकत नव्हती. एका वेळी एकच खोटं तिला झेपत होतं. "माझ्याहून मोठा आहे."

"कितीनं?"

"बराच."

"घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही. सगळे... गेले."

उर्मिलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई! एकटाच का बिचारा? रविवारी जेवायला बोलाव त्याला. नाही म्हणू नकोस."

समिधानं खुलासा करायला तोंड उघडलं... आणि मिटलं. रविवारी बाब्या येऊ शकत नव्हता. पण बाब्याला सांभाळणारा येऊ शकत होता.

"आईनं बाब्याला जेवायला बोलावलंय," पुढच्या भेटीत ती कुल्फीच्या खोक्याकडे बघत म्हणाली. "त्याला काही जमणार नाही. त्याच्या वतीनं कुणी आलं असतं तर..."

"पालक म्हणून मी येऊ?"

"आलात तर बरं होईल."

"मग शनिवारी रजा घेतो," विघ्नेश गंभीरपणे म्हणाला. "केस कापतो, शर्ट घेतो. पालकानं असं जाकीट घालून जाणं बरं दिसत नाही."

त्या संध्याकाळी समिधा घरी परतली ती गाणं गुणगुणत. पण अंथरुणावर पडली आणि तिला टोचायला लागलं. हा माणूस आपल्या घरी येणार, आईच्या हातचं खाणार, आणि आपण त्याला जर्मनीच्या थापा मारतोय? ते काही नाही. शनिवारी तो रजेवर असताना गुपचूप बाब्याला लॅबमध्ये आणायचं आणि रविवारी सांगायचं, आला बाई एकदाचा पार्ट. म्हणजे जुनं खोटं झाकायला आणखी एक खोटं, पण ते शेवटचं!

शनिवारी ती स्टोअरला पोचली. विघ्नेशच्या खुर्चीत दत्तप्रसाद बसला होता, नुकताच साताऱ्याहून आलेला त्याचा असिस्टंट. तिनं स्वतःच जाकीट चढवलं आणि आत गेली.

आंबा कुल्फी जागेवर होती. शेजारचा कप्पा रिकामा होता.

समिधानं कुल्फीच्या खोक्यांमागेही वाकून पाहिलं. आत उणे वीस असताना तिच्या कपाळावर घाम आला.

"दत्तप्रसाद! इथली पेटी?"

"ती होय!" दत्तप्रसादचा चेहरा अभिमानानं फुलला. "मॅडम, सकाळी सिस्टिम उघडली आणि माझे डोळेच पांढरे झाले. एकोणीसशे सालचा माल! सव्वाशे वर्षं पडून! साहेब रोज कानीकपाळी ओरडतात, जुना माल आधी बाहेर. मुदत बघितली तर पुष्कळ शिल्लक. मटण, पाय... दुबईत करामाच्या हॉटेलची ऑर्डर होतीच, पाया सूपसाठी. दिला पाठवून! साहेब आल्यावर खूश होतील बघा."

समिधानं विघ्नेशला फोन लावला. पलीकडून मशीनची घरघर ऐकू आली.

"हं, बोला. सलूनमध्ये आहे."

"विघ्नेश... बाब्या गेला."

"कुठं गेला?"

"करामाला. हॉटेलात. त्याचा पाया करणार आहेत!"

घरघर थांबली. "कुठलं हॉटेल? नाव सांगा." तिनं सांगितलं. "माझ्या गल्लीच्या मागचं. तुम्ही या, मी पळतो." आणि फोनवर न्हाव्याचा आवाज आला, "अरे भाई, आधा बाकी है!"

शारजाहून दुबईला जाणारा रस्ता शनिवारी कसा असतो, हे तिथं राहणाऱ्याला सांगायला नको. टॅक्सी हलत नव्हती. मोबाईलवर तापमानाचा नवा आकडा येत नव्हता, माल नेणाऱ्या गाडीत यंत्राची रेंजच गेली असावी. समिधा खिडकीला डोकं टेकून रडली. म्युझियमला काय सांगू, सरांना काय सांगू? चाळीस हजार वर्षं त्या मातीनं एवढंसं पोर सांभाळलं, आणि मी महिनाभर नाही सांभाळू शकले. का? तर मला एका माणसाबरोबर गार चहा प्यायचा होता म्हणून. आणि आता तो माणूस म्हणेल, फ्रीझर चालू होता तर पेटी इथं ठेवलीत कशाला? उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर ऐकल्यावर तो राहील की जाईल, याची तिला बाब्याइतकीच भीती वाटत होती. ती त्याच्या प्रेमात पडली होती. चांगलीच पडली होती.

हॉटेलच्या मागच्या दारात आचारी नोमान कमरेवर हात ठेवून उभा होता.

"मॅडम, ये आपका आदमी है? कब से मेरे को फ्रीझर खोलने नहीं दे रहा!"

आत डीप फ्रीझरच्या झाकणावर विघ्नेश ठाण मांडून बसला होता. गळ्याभोवती न्हाव्याचं फडकं. डोक्याची डावी बाजू बारीक, उजवी तशीच झिपरी. एका गालावर साबण वाळून पांढरा झाला होता.

"आहे," तो म्हणाला. "सुरक्षित आहे. मी उघडूही दिला नाही."

"सुरक्षित क्या!" नोमान भडकला. "कैसी कंपनी है आपकी? बाल तक साफ नहीं किए! खुर पे मिट्टी! इतना पुराना माल मैं गाहक को खिलाऊँ? देखते ही पेटी बंद की, वापस ठूँस दी. ले जाओ, नया भेजो!"

समिधाला त्या रागावलेल्या नोमानच्या पाया पडावंसं वाटलं. तिनं पेटीतलं यंत्र तपासलं. आकडा जरासा वर सरकला होता, पण धोक्याच्या खूप खाली होता. बाब्या वितळला नव्हता.

विघ्नेशनं गाडी काढली. एसी पूर्ण सोडला, पेटी समिधाच्या मांडीवर दिली आणि स्टिअरिंग धरलं. "स्टोअरलाच नेऊ ना?"

समिधानं डोळे मिटून घेतले. "लॅबमध्ये न्या."

"पण पार्ट—"

"पार्ट कधीच आला. जर्मनीहून नाही, इथूनच आला. पहिल्याच आठवड्यात फ्रीझर चालू झाला. मी खोटं बोलले, विघ्नेश. आज जे झालं ते माझ्यामुळे."

त्यानं एसीचा झोत पेटीकडे वळवला. गाडी दोन सिग्नल पुढे गेली.

"रागावलात?"

"नाही... तो पार्ट बसवला ना, त्या मेकॅनिकचं नाव माहितेय?"

"शैलेंद्र की काहीतरी."

"तो माझा रूममेट आहे."

समिधाची मान झर्रकन वळली. "म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच रात्री. जेवताना म्हणाला, युनिव्हर्सिटीत घोड्यासाठी फ्रीझर दुरुस्त करून आलो."

"आणि तुम्ही मला दर वेळी पार्टचं विचारत होतात!"

"तुम्ही 'जर्मनीहून' म्हणताना फार छान दिसता."

"विघ्नेश! मी इकडे रडून रडून... एका शब्दानं सांगितलं असतंत तर बाब्या आज नोमानच्या फ्रीझरमध्ये गेला नसता!"

"हो," तो हळूच म्हणाला. "चूक तुमच्याएवढीच माझीही आहे. मला माहीत होतं, पण बाब्या गेला असता तर तुम्ही आला नसतात."

गाडी लॅबच्या रस्त्याला लागली. समिधाला रागवायचं होतं, फार रागवायचं होतं, पण शेजारच्या अर्ध्या झिपऱ्या डोक्याकडे पाहिलं की राग टिकत नव्हता.

त्यांनी बाब्याला फ्रीझरमध्ये ठेवलं. विघ्नेशनं पेटीवर थाप दिली आणि समिधानं दार लावलं. आता सगळं जिथल्या तिथं होतं. आता तिला स्टोअरला जायचं काही कारण उरलं नव्हतं.

"बरं मग..." ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. आणि जागचा हलला नाही. त्यानं गळ्यातलं फडकं काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. "दत्तप्रसादला मी रागावू शकत नाही. नियम माझाच आहे... जुना माल आधी बाहेर. मीच पाळला नाही."

"म्हणजे?"

"माझ्याकडे एक माल पडून आहे. आत. तो आधी बाहेर काढायचा, तर मी आपला रोज चहा आणत बसलो."

समिधा एक पाऊल पुढे आली. तिनं लांब बाह्यांतून हात बाहेर काढले. स्टोअरचं जाकीट अजून तिच्या अंगावरच होतं.

"एंट्री केलीत?"

"केली."

"उत्पादनाची तारीख?"

"तुम्ही स्वेटर घालून टॅक्सीतून उतरलात, तो दिवस."

"मुदत?"

"सिस्टिमला माहीत असलेली शेवटची."

"आणि... तापमान?"

"उणे वीसला ठेवायचा फार प्रयत्न केला." साबण वाळलेला त्याचा गाल लाल झाला. "जमलं नाही. वितळलं."

"एकदा वितळलं की परत गोठवता येत नाही," समिधा म्हणाली. तिचे डोळे हसत होते. "माहितेय ना तुला?"

'तुला' ऐकून विघ्नेश हातातलं फडकं विसरला. ते खाली पडलं.

"माहितेय. म्हणून तर परत न्यायला आलो नाहीये."

"मग राहू दे इथंच," ती म्हणाली आणि त्याचा हात धरला. तो हात बर्फासारखा गार असेल असं तिला महिनाभर वाटत आलं होतं. तो चांगला उबदार होता.

तेवढ्यात फोन वाजला. उर्मिलाताई घाईत होत्या.

"अगं, बाब्या नक्की येतोय ना उद्या? काय करू त्याला? दातबित ठीक आहेत ना त्याचे?"

समिधानं समोर पाहिलं. एका बाजूनं बारीक, एका बाजूनं झिपरा असा तो माणूस सगळे दात दाखवून हसत होता.

"ठीक आहेत, आई. त्याचं नाव विघ्नेश आहे, आणि तुला वाटतो तेवढा म्हातारा नाही तो. तू काहीही कर..." ती म्हणाली. "फक्त पाया नको."